कोनाडा, पोटमाळा आणि वाळवी : घर लावण्याचा एक इतिहास

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात एक आत्मकथन शिकवत असताना 'फडताळ' हा शब्द आला. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, फडताळ म्हणजे कपाटच ना?" तास संपत आला होता. मी "हो" म्हणालो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. घरी जाताना मात्र ते "हो" मनाला टोचत राहिले. कपाट विकत आणता येते, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे सरकवता येते, घर सोडताना सोबत नेता येते. फडताळ भिंतीतच असते. ते भिंतीबरोबर जन्माला येते आणि तिच्याबरोबरच पडते. फडताळ असलेल्या घरातली बाई आणि कपाट असलेल्या घरातली बाई यांच्या हालचाली, त्यांच्या वस्तू, त्या वस्तूंवरचा त्यांचा अधिकार, यांत मोठा फरक आहे. मी तो फरक एका अक्षरात पुसून टाकला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मोऱ्याला जाण्याचा योग आला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघाले की पाऊण-एक तासात उरणचे हे जुने बंदर येते. बंदरात गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच थांबून राहते आणि प्रवासी भरतीची वाट पाहतात. त्या दिवशी मलाही थांबावे लागले. वेळ काढण्यासाठी वस्तीतून हिंडत असता एक पाडायला काढलेले घर दिसले. छप्पर उतरवलेले होते, तीन भिंती गेल्या होत्या, चौथी अर्धी उभी होती. त्या अर्ध्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्याच्या वरच्या कडेला काजळीचा काळा पट्टा. दिवा किती वर्षे तेथे लागत असेल याचा हिशेब त्या पट्ट्याने राखून ठेवला होता. शेजारी सिमेंटच्या नव्या घराचे खांब उभे राहिले होते आणि त्या खांबांमध्ये कोनाड्याला जागा नव्हती.

आजकाल वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'लहान घरासाठी कल्पक युक्त्या' मोठ्या उत्साहाने छापल्या जातात. पलंगाखाली खण करा, भिंतीवर उभी मांडणी करा, एकाच जागेचे दोन उपयोग करा. या युक्त्या चांगल्याच आहेत. परंतु त्या नव्या असल्याचा जो आव असतो, तो मराठी घराचा इतिहास ठाऊक नसल्याचे लक्षण आहे. आपल्याकडे या युक्त्यांना कोणी 'युक्त्या' म्हणत नसे. त्यांना स्वतःची नावे होती, आणि ती नावे आपल्या वाङ्मयात विखुरलेली आहेत.

भिंतीच्या पोटात

कोकणपट्टीतील आणि देशावरील जुन्या घरांच्या भिंती जाड असत. माती, दगड, कच्ची वीट यांनी छपराचा भार पेलायचा तर भिंतीला दीड-दोन फूट जाडी द्यावी लागे. ही जाडी म्हणजे खरे तर फुकट गेलेली जागा. पण बांधणाऱ्यांनी तिचेच भांडार केले. दिव्यापुरती देवळी, पोथी किंवा करंडा ठेवण्यापुरता कोनाडा, फळ्या आणि झडपा घालून केलेले फडताळ, दोन भिंतींच्या पोकळीत धान्य साठवण्यासाठी ठेवलेले बळद, आणि भिंत रचतानाच बसवलेल्या लाकडी खुंट्या. जमिनीवर काही न मांडता घर भरलेले असे. म्हणूनच त्याच जमिनीवर दुपारी पंगत बसू शके आणि रात्री अंथरुणे पडू शकत.

भिंतीत मावणार नाही ते वर जाई. आढ्याला शिंके टांगलेले असे. दूध, दही, उरलेले कालवण त्यात मांजराच्या, मुंगीच्या आणि उंदराच्या आटोक्याबाहेर राही, आणि चारही बाजूंनी हवा लागल्याने लवकर बिघडत नसे. चुलीवरच्या माळ्यावर बियाणे, सुकी मासळी, जाळी ठेवीत, कारण धूर किडीला दूर ठेवतो. उरणसारख्या खाडीकाठच्या मुलखात, जेथे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही उपजीविकेची साधने होती, तेथे पावसाळ्याचे चार महिने घराला कोठारही व्हावे लागे. बांबूची कणगी शेणमातीने लिंपून उभी केली की भात सुरक्षित राही. जमीन सारवणे हा धार्मिक विधी असेल तेव्हा असेल, एरवी ती दर काही दिवसांनी करायची डागडुजीच होती.

या साऱ्यांत मला सर्वांत विचार करायला लावणारी वस्तू म्हणजे उतरंड. सर्वांत मोठे मडके खाली, त्यावर त्याहून लहान, त्यावर त्याहून लहान. प्रत्येक मडके खालच्याचे झाकण होते, आणि सात-आठ मडक्यांना जमीन लागते ती एकाच मडक्यापुरती. रोज लागणारी जिन्नस वरच्या मडक्यात आणि सणासुदीची तळाशी, हे गणित बाईच्या डोक्यात असे, कारण तळाचे काढायचे तर सगळी रास उतरवावी लागे. 'उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा' ही म्हण ज्यांनी रचली त्यांना ही रास रोज डोळ्यांसमोर दिसत होती.

आज मराठी समीक्षेत आणि समाजशास्त्रात 'जातींची उतरंड' हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. परंतु मडक्यांची रास विसरल्यामुळे त्याचा अर्थ निम्मा उरला आहे. आपल्याला उतरंड म्हणजे केवळ वरची आणि खालची पायरी वाटते. प्रत्यक्ष उतरंडीत खालच्या मडक्यावर वरच्या सगळ्यांचे वजन असते आणि खालचे मडके हलले तर वरचे एकही टिकत नाही. रूपकाचे मूळ घरात आहे. घर नजरेआड झाले की रूपकही पोकळ होते. 'शिंके तुटले नि बोक्याचे फावले' या म्हणीचे किंवा गवळणींमधल्या शिंक्यांचे हेच झाले आहे. शब्द परीक्षेपुरता उरतो, वस्तू निघून जाते.

समुद्रापलीकडची खोली

मोऱ्यासारख्या बंदरांतून माणसे मुंबईला गेली तेव्हा ही भिंत मागे राहिली. पितळेचा हंडा, पाटा-वरवंटा, वळकटी, एखादी पत्र्याची ट्रंक एवढेच गलबतातून, पडावातून, पुढे लाँचमधून नेता येत होते. कोनाडा नेता येत नव्हता.

मुंबईत त्यांना जी खोली मिळाली तिचाही एक इतिहास आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई टोकाला पोचली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ इमारती झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आत एक मोरी, बाहेर सामाईक संडास. भिंती काँक्रीटच्या. मातीच्या भिंतीत सहज बसणारी खुंटी येथे बसत नव्हती. खिळा ठोकावा तर तो वाकत असे. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीत संसार ठेवला होता त्यांच्यासमोर आता पोट नसलेली भिंत उभी होती.

याच दशकात जर्मनीत फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी मोठी गृहयोजना हाती घेतली. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी त्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. काम करणाऱ्या बाईची पावले मोजून, तिचा वेळ घड्याळावर मोजून, प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. साखर, पीठ, तांदूळ यांसाठी नावे घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण त्यात होते. हे स्वयंपाकघर सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले, आणि आज ते वास्तुकलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत आणि संग्रहालयांत आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण सत्तर चौरस फूट, म्हणजे मुंबईतील त्या खोलीच्या निम्म्याच्या आसपास. मुंबईतल्या उरलेल्या नव्वद चौरस फुटांत बाकीचे सगळे आयुष्य बसवायचे होते, आणि त्याचा आराखडा कोणत्याही वास्तुविशारदाने काढला नव्हता. तो खोलीत राहायला आलेल्या बाईने काढला. तिचे नाव कोठेही नाही.

घड्याळाने वाढलेली जागा

माझी आत्या लग्नानंतर उरणहून वरळीला अशाच एका खोलीत गेली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलो की मला ती खोली जादूची वाटे. सकाळी ती स्वयंपाकघर असे. दहाच्या सुमारास चूल झाकली जाई आणि तेथेच पाट मांडून आतेबहीण अभ्यासाला बसे. दुपारी रात्रपाळीहून आलेले काका झोपत, म्हणून बाकी सगळे गॅलरीत. संध्याकाळी खोली बैठकीची होई. रात्री घडवंचीवरच्या वळकट्या उतरत आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरुणांचा पट होई. सात माणसे. आत्या सर्वांत शेवटी, दाराला आडवी झोपे, कारण पाण्यासाठी पहाटे चारला तिलाच उठायचे असे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मी पुढे शाळेत काटकसरीचा उपदेश म्हणून शिकलो. आत्याच्या खोलीत ती शब्दशः खरी होती.

खोलीच्या या रूपांतरांमागे जी साधने होती ती मोजकी होती. छतापासून दोरांनी लोंबणारी कपड्यांची दांडी. खाटेखाली ट्रंका, आणि विटा लावून उंच केलेली खाट, म्हणजे ट्रंकांना जागा अधिक. भांड्यांची मांडणी, जिच्यात ताटे उभी राहत, कारण आडव्या ताटांना चौपट जागा लागते. मोरीला गुडघाभर उंचीचा कठडा, वर साडीचा पडदा. तीच न्हाणी, तीच भांडी घासण्याची जागा, तोच पाण्याचा साठा. आत्याच्या भिंतीवर एक फळी होती. ती जुन्या होडीची असून माहेराहून आणली आहे, असे ती सांगे. त्या फळीवर देव होते. काँक्रीटमध्ये कोनाडा खोदता येत नव्हता, म्हणून तिने तो फळीचा केला होता.

एकदा मी म्हणालो, "आत्या, तुझी खोली किती लहान आहे गं." ती भांडी पुसत होती. म्हणाली, "खोली लहान नाही रे. सगळे एकदम घरात असले की लहान होते." वेळेच्या वाटणीने जागा वाढवण्याचे तत्त्व याहून नेमके मी नंतर कोणत्याही पुस्तकात वाचले नाही.

मग आला पोटमाळा. त्याचे कारण मात्र कल्पकता नव्हते, कायदा होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी जवळजवळ गोठवली. भाडेकरू सुरक्षित झाला, आणि त्याच वेळी त्या खोलीला बांधलाही गेला. ती सोडली तर तेवढ्या भाड्यात दुसरी मिळणे अशक्य. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, तरी कुटुंब तेथेच राहिले. जमीन वाढत नव्हती, परंतु छत उंच होते. तेव्हा खोलीच्या अर्ध्या भागावर लाकडी फळ्यांचा मजला आला, त्याला शिडी आली, आणि नवविवाहित जोडप्याची खोली म्हणजे पोटमाळा असे समीकरण झाले. वर उभे राहता येत नसे. सरपटत जावे लागे. खालच्या सहा माणसांना वरचा प्रत्येक आवाज ऐकू येई. पोटमाळ्यावर विनोद पुष्कळ झाले आहेत. त्या जोडप्याला त्या जागेत काय वाटत असेल याविषयी आपले वाङ्मय फारसे बोललेले नाही.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने १९५८ मध्ये चाळीला मराठी मनात कायमची जागा दिली. पण तेथले हसू मुख्यतः चाळीच्या सामूहिक जीवनाचे आहे, मंडळांचे आणि मोहिमांचे आहे. दाराच्या आतली, शिडी आणि मोरी यांच्यामधली जागा पाहायची तर वेगळ्या पुस्तकांकडे जावे लागते. दया पवार यांच्या 'बलुतं'मधील कावाखाना आठवा. १९७८ साली आलेल्या या आत्मकथनात एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन पोटभाडेकरू आहेत आणि त्यांच्यामध्ये भिंत आहे ती लाकडी खोक्यांची. खोक्यांनी जागा विभागणे हीसुद्धा युक्तीच. परंतु तिला युक्ती म्हणताना जीभ अडखळते, आणि अडखळायलाच हवी. गिरणगावातील गावकऱ्यांच्या खोल्यांचेही तसेच. एका गावचे तीस-चाळीस पुरुष एका खोलीचे भाडे वाटून घेत. प्रत्येकाची मालकी म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळीप्रमाणे झोपायचे, आणि सगळ्यांची पाळी एक झाली तर गॅलरीत किंवा पदपथावर. येथे घर लावणारी बाईसुद्धा नव्हती, ती गावी होती.

'लावणे' ते 'सजवणे'

मराठीत पूर्वी घर 'लावीत' असत. 'घर लावले का?' हा प्रश्न नव्या बिऱ्हाडाला हमखास विचारला जाई. त्यात सौंदर्याचा निषेध नव्हता, परंतु वस्तूला तिची जागा मिळणे हा मुख्य अर्थ होता. 'गृहसजावट' हा शब्द रुळला तो शहरी मध्यमवर्गाबरोबर. १९३० च्या दशकात दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत स्वतंत्र संडास-न्हाणी असलेले 'ब्लॉक' उभे राहू लागले. १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले आणि आदर्श घर ही तिकीट काढून पाहण्याची वस्तू झाली. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली होती. पुढे ती मुलीच्या लग्नात द्यायची वस्तू झाली. फडताळातून कपाटाकडे जाणे म्हणजे घराच्या मालमत्तेतून बाईच्या मालमत्तेकडे सरकलेले एक पाऊल होते, कारण कपाटाला किल्ली होती आणि कित्येक घरांत ती तिच्या कमरेला असे. १९३० मध्ये निघालेल्या 'स्त्री' मासिकाच्या वाचक याच घरांतल्या.

या बदलाचे सर्वांत बोलके चिन्ह मला 'ओटा' या शब्दात दिसते. ओटा मुळात घराच्या पुढे असे. पुरुष तेथे बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. घरातली बाई आत, जमिनीवर चुलीपाशी बसून स्वयंपाक करी. प्राइमसचा स्टोव्ह आला, १९५० च्या दशकात मुंबईत गॅसच्या टाक्या येऊ लागल्या, आणि शेगडी जमिनीवरून कंबरेएवढ्या उंचीवर गेली. त्या उंचीला नाव हवे होते. मराठीने घराबाहेरचा ओटा उचलून स्वयंपाकघरात ठेवला. आज ओटा म्हटले की कोणालाही प्रथम स्वयंपाकाचाच आठवतो. गप्पांसाठी बसायच्या जागेचे नाव कामासाठी उभे राहायच्या जागेला मिळाले. बसणारे एक होते, उभी राहणारी दुसरी आहे. 'खण' या शब्दाचाही प्रवास असाच आहे. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण, आणि 'दोन खणांची जागा' हे वाड्यातले माप. पुढे मोजमाप खोल्यांत झाले, मग चौरस फुटांत, आणि आता 'वन बीएचके' अशा अक्षरांत.

वाढू दिलेले घर

मुंबईत जागा उरली नाही तेव्हा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील पंचाण्णव गावांची जमीन नव्या मुंबईसाठी ठरली. मोरा ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचा इतिहास येथून पालटला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले.

त्याच सुमारास बेलापूरला कोरियांनी आर्टिस्ट्स व्हिलेजची घरे आखली. त्यांतील एक तत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रत्येक घर स्वतःच्या लहानशा भूखंडावर उभे होते आणि शेजाऱ्याशी त्याची एकही भिंत सामाईक नव्हती, यासाठी की राहणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे घर वाढवावे. लोकांनी ते वाढवले. कित्येकांनी मूळ घर पाडून दुसरेच बांधले. काही जाणकारांना त्यात मूळ रचनेचा नाश दिसतो. मला वाटते, त्या आराखड्याने जे मागितले होते तेच लोकांनी केले. चाळीतल्या बाईने जे परवानगीवाचून केले, ते येथे आराखड्यातच गृहीत धरले होते. घर लावणाऱ्याची बुद्धी ही घराचा भाग आहे, ही कबुली वास्तुशास्त्राने दिल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण.

परंतु या बुद्धीला पायाखाली जमीन लागते. मोऱ्यापासून जवळच, उरण शहराच्या कडेला हनुमान कोळीवाडा आहे. न्हावाशेवा बंदरासाठी १९८० च्या दशकात जुने शेवा कोळीवाडा गाव उठवण्यात आले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. अडीचशेहून अधिक कुटुंबांना येथे अपुऱ्या जागेत वसवले गेले, आणि पाहता पाहता त्या घरांना वाळवी लागली. दारांच्या चौकटी, फळ्या, छपराचे वासे, ट्रंकेखालची पाटी, लाकूड असेल ते सारे पोखरले गेले. रहिवाशांनी डागडुजी केली, लाकडाच्या जागी लोखंड आणि सिमेंट आणले, औषधे मारली. कित्येकांनी अखेर घरे सोडली. उरलेले अनेक दशके दुसऱ्या पुनर्वसनासाठी झगडत राहिले. 'घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात' या म्हणीत वासे फिरतात, खाऊन टाकले जात नाहीत. वाळवी लागलेल्या भिंतीत कोणती कल्पक मांडणी करायची?

म्हणूनच लहान घरातल्या हुशारीचे कौतुक करताना मला आता संकोच वाटतो. ही हुशारी खरी आहे, तिचे तपशील थक्क करणारे आहेत, आणि ती नोंदवली गेली नाही हा आपला अपराध आहे. पण 'एवढ्याशा जागेत किती छान राहतात' असे म्हणत आपण जागा एवढीशी का, हा प्रश्न गिळून टाकतो. आत्याची खोली मला जादूची वाटे, कारण त्या जादूचे काम मी करत नव्हतो. दाराला आडवे मी झोपत नव्हतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकसित चाळींतील पहिल्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठचे पाचशे झाले, हे निःसंशय चांगले झाले. आत्या हे पाहायला नाही. तिची ती होडीची फळी आतेबहिणीने जपून ठेवली आहे. नव्या घरात ती कोठे लावायची यावर त्यांच्याकडे सध्या वाद चालू आहे, कारण सजावटकाराने भिंतींवर फळी नको असे सांगितले आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच पाठ शिकवायचा होता. या वेळी मी फळ्यावर एक जाड भिंत काढली, तिच्यात फडताळ, त्याशेजारी कोनाडा, वर शिंके, कोपऱ्यात उतरंड. मग विद्यार्थ्यांना एकच काम दिले: आपल्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा की लग्न होऊन आल्यावर तुमची स्वतःची वस्तू तुम्ही कोठे ठेवत होता. पुढच्या आठवड्यात उत्तरे आली. कोणाची ट्रंक होती, कोणाचा कोनाड्यातला डबा, कोणाची पोटमाळ्यावरची पिशवी. ज्या मुलीने पहिल्या वर्षी फडताळाचा अर्थ विचारला होता ती आता वरच्या वर्गात होती, तरी मुद्दाम येऊन बसली होती. तिची आजी म्हणाली होती, "माझी अशी वस्तूच नव्हती, मग ठेवणार काय?" मुलीने ते वाक्य वहीत उतरवून आणले होते. त्यानंतर आम्ही पाठाला सुरुवात केली.